कूलर उचलला, पेस्ट तीच: आचऱ्याच्या एका फोटो स्टुडिओचं प्रकरण

मे महिन्याचा दुसरा आठवडा. आमच्या भागात हा लग्नांचा, आंब्यांचा आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचा महिना. आचऱ्याच्या बाजारातले स्टुडिओवाले काका सकाळी नऊच्या आत मालवणात माझ्या दुकानासमोर रिक्षातून उतरले. कॅबिनेट मांडीवर धरून आणलं होतं.

"झिला, रेंडर लावलंय की मशीन बंद पडता. पंखो तर फिरता मरे! ह्या खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान सगळा."

तीन लग्नांचं एडिटिंग अडकलं होतं. त्यातल्या एका घरची माणसं दहा दिवसांत मुंबईला परतणार होती आणि पेनड्राइव्ह हातात पडल्याशिवाय गाडीत बसायची त्यांची तयारी नव्हती. पूर्वी चाळीस मिनिटांत उरकणारा रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ शेवटी पक्का तयार करणं) आता पावणेदोन तास घेत होता, पंखा सारखा घोंगावत होता, आणि त्या आठवड्यात दोनदा मशीन मध्येच बंद पडलं होतं.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण यात दोन चुका माझ्या आहेत आणि एक माझ्याआधी मशीन उघडणाऱ्याची. त्याची ती चूक आमच्या किनाऱ्यावर दर हंगामात होते. साफसफाईसाठी कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा आणि त्याखालचा धातू, काढतात आणि प्रोसेसर-कूलरमधल्या फटी भरणाऱ्या त्याच जुन्या पेस्टवर परत बसवतात.

मशीन आणि माझं पहिलं निदान

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, मूळ वेग ३.९ आणि कमाल ४.४ गिगाहर्ट्झ, टीडीपी (कूलरने किती उष्णता काढायला हवी त्याचा ठरवलेला आकडा) ६५ वॅट, तापमानाची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस. २०२१ मध्ये हा बाजारात आला आणि काकांनी २०२२ मध्ये घेतला. ग्राफिक्स आतच असल्यामुळे वेगळं कार्ड नाही. कूलर प्रोसेसरच्या खोक्यातच मिळणारा रेथ स्टेल्थ: ॲल्युमिनियमचा गोल हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा पात्यांचा ठोकळा), वर पंखा, चार स्प्रिंगवाले स्क्रू. नवीन असताना त्याच्या तळाला कारखान्यातच लावलेली करडी पेस्ट असते, त्यामुळे पहिल्यांदा बसवणाऱ्याला वेगळी पेस्ट लागत नाही. पुढचा घोटाळा इथूनच सुरू होतो. ज्याने कधी ट्यूब हातात घेतलेली नसते, त्याला ती पेस्ट कूलरचाच कायमचा भाग वाटते.

लोड आल्यावर मशीन बंद पडतं म्हटल्यावर मला एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, संशय आला. वळवाचे दिवस होते, रोज संध्याकाळी आभाळ गडगडायचं, लाइट ये-जा करायची. अशा दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या मशीनपैकी बऱ्याच जणांचं दुखणं वीजपुरवठ्याचंच असतं. मी दुकानातला तपासलेला एसएमपीएस जोडला, रेंडर लावला, मशीन पंचवीस मिनिटं बंद न पडता चाललं. एसएमपीएस बदलून दिला, काका खूश होऊन गेले.

संध्याकाळी सात वाजता फोन. परत बंद पडलं.

माझं चुकलं ते असं. मशीन बंद पडतंय का, एवढंच मी पाहिलं. ते कोणत्या वेगाने चालतंय आणि किती तापलंय, हे पाहिलंच नाही. शिवाय माझ्या टेबलावर कॅबिनेटची बाजू उघडी होती आणि वर छताचा पंखा होता. काकांच्या स्टुडिओत तेच मशीन लाकडी टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात, मागे भिंत, दुपारी खोलीत ३४ अंश. दुकानात जे जेमतेम तग धरत होतं ते तिथे हात टेकत होतं. दुसऱ्या दिवशी मीच आचऱ्याला गेलो. दुखणं जिथे होतं तिथेच बघायचं ठरवलं.

हीटसिंकला हात लावला तेव्हा

तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर टाकलं आणि काहीही न चालवता पाच मिनिटं थांबलो. प्रोसेसर ६१ अंशांवर. खोली ३४ ची असली तरी रिकाम्या मशीनला हे जास्तच. मग रेंडर लावला. आकडा ६१ वरून ९५ वर जायला तीन सेकंदसुद्धा लागली नाहीत. वेग ४.२ वरून धडाधड उतरत २.६ वर आला. या प्रोसेसरला पूर्ण लोडवर ८८ वॅटपर्यंत घ्यायची मुभा असते. तो ४० च्या आसपास अडकून बसला होता. ९५ ला पोचला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करून घेतो. म्हणून रेंडरला पावणेदोन तास. वेग कमी करूनही उष्णता आवरली नाही, तर भाजून निघण्याआधी तो मशीनच बंद करतो. म्हणून ते दोनदा बंद पडणं.

आता खरी खूण. रेंडर चालू असतानाच मी पंख्याच्या कडेने बोट घालून हीटसिंकच्या पात्यांना लावलं. कोमट. आत ९५ अंश आणि त्याच्या डोक्यावर बसलेलं धातूचं भांडं जेमतेम कोमट. रेंडर थांबवला, तर आकडा दोन सेकंदांत ७० च्या खाली.

हा फरक कळला की अर्धं निदान झालं. हीटसिंकच्या पात्यांत धूळ साचली असेल किंवा पंखा अडला असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचते पण बाहेर पडत नाही. तेव्हा हीटसिंक हाताला चटका देतो आणि तापमान मिनिटामिनिटाने हळूहळू चढतं. पण तापमान उडी मारून चढत असेल, उडी मारून उतरत असेल आणि वरचा धातू थंड असेल, तर उष्णता प्रोसेसरमधून वर चढतच नाहीये. चुलीवर तवा टेकलेलाच नाही. दोघांच्या मधल्या सांध्यात दोष आहे.

मी काकांना विचारलं, हे मशीन मध्ये कुणी उघडलं होतं का?

"शिमग्याच्या आधी साफ करून घेतलंय. माती भरलेली सगळी. कूलर काढून धुवल्यासारखो पुसलो त्येंनी."

"पेस्ट नवीन लावली?"

काकांना पेस्ट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. ज्या दुकानात साफ केलं तिथल्या माणसाला ते ठाऊक असायला हवं होतं. शिमग्यापासून रेंडर हळूहळू लांबत गेला होता. मार्चमध्ये खोली थंड होती म्हणून भागलं. मे आला आणि भागेनासं झालं.

खाऱ्या वाऱ्याबद्दल दोन शब्द, कारण काकांनी सगळा दोष त्याच्यावर घातला होता आणि आमच्याकडे सगळेच घालतात. खारी हवा मशीनचं नुकसान करते यात शंका नाही. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्या ओलीत तांबडी माती पात्यांना चिकटून चिखलासारखा थर होतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, स्क्रू गंजतात. काकांच्या कूलरवर हे सगळं थोडं थोडं होतं. पण त्याने तीन सेकंदांत ९५ होत नाही. खाऱ्या वाऱ्यावर ढकललं की माणूस पुढे शोधायचं थांबतो, आणि मीही व्होल्टेजवर ढकलून तेच केलं होतं.

उघडल्यावर

मशीन दहा मिनिटं लोडवर चालवून गरम केलं, मग बंद करून वायर काढली आणि लगेच कूलरला हात घातला. एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवर हा प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेटची दांडी त्यांना फक्त चिमटीत धरून ठेवते. वरून दाबून धरणारी चौकट नसते. त्यामुळे पेस्ट सुकून घट्ट झालेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर दांडी लागलेली असतानाही प्रोसेसर कूलरसोबत उपटून येतो. पेस्ट गरम असताना मऊ असते. स्क्रू आळीपाळीने सैल करायचे, कूलर डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवायचा, पकड सुटली असं बोटांना कळलं की मगच उचलायचा. तीन वर्षांपूर्वी देवगडच्या एका गिऱ्हाइकाचा प्रोसेसर माझ्याच हातून असा उपटून आला होता. अकरा पिना वाकल्या. शिसं काढलेल्या पेन्सिलीच्या टोकात एकेक पिन घालून सरळ करायला मला रात्रीचा दीड वाजला. त्या रात्रीपासून मी कूलर कधीच थंड मशीनवरून काढलेला नाही.

इथे मात्र उलटं झालं. फिरवायची गरजच पडली नाही. स्क्रू सुटताच कूलर हातात आला, नुसता ठेवल्यासारखा. नीट बसलेला कूलर थोडी तरी पकड दाखवतो.

प्रोसेसरवर पेस्टची दोन बेटं होती. एक मधोमध, एक कोपऱ्याकडे. दोन्ही वाळून तडकलेली, ओहोटीनंतर खाडीकाठचा चिखल उन्हात तडकतो तशी. बेटांमध्ये चकचकीत उघडा धातू, त्यावर काहीही नाही. एका बेटात कापसाचा धागा रुतलेला आणि तांबड्या मातीचा एक बारीक खडा. त्या खड्यावर कूलर एका बाजूने तरंगत होता.

असं का होतं ते कूलर एकदा स्वतः उचलून पाहिला की कळतं. दोन पृष्ठं एकमेकांपासून सुटताना मधली पेस्ट दोन्हीकडे ताणली जाते आणि तुटते. डोंगर आणि दऱ्या तयार होतात. तोच कूलर परत ठेवला की डोंगर डोंगरावर आदळतात आणि दऱ्यांत हवा कोंडली जाते. पेस्ट ताजी असेल तर दाबाखाली थोडी पसरून ती हवा हाकलेल. दोन वर्षं तापून तेल सुटलेली, कोरडी पेस्ट पसरत नाही. ती मुरमासारखी आहे तिथेच राहते. वर साफ करताना पडलेला धागा आणि खडा.

पेस्टचं काम नेमकं काय, याबद्दल गैरसमज खूप आहेत. काहींना ती थंडावा देणारं औषध वाटते, काहींना डिंक. ती दोन्ही नाही. आमच्याकडे घर बांधताना गवंडी चिऱ्यावर चिरा ठेवतो. जांभ्याचा चिरा कितीही तासला तरी दोन चिरे उंचवट्यांवरच टेकतात, मधून उजेड दिसतो. प्रोसेसरचं निकेल चढवलेलं झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना आरशासारखे दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते दोन चिरेच आहेत. मधल्या फटींत हवा असते. हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, ॲल्युमिनियमची दोनशेच्या घरात, तांब्याची चारशेच्या. बरी पेस्ट धरा ४. म्हणजे पेस्ट हवेच्या दीडशेपट चांगली आणि ॲल्युमिनियमच्या पन्नासपट वाईट. या एका वाक्यात पेस्ट लावण्याचं सगळं शास्त्र आलं. जिथे हवा होती तिथे पेस्ट हवी, आणि जिथे धातू धातूला टेकू शकतो तिथे पेस्ट नको.

काकांच्या मुलाला आकडे आवडतात, म्हणून त्याच्यासमोर कागदावर मांडून दाखवलं. झाकण साधारण ४० बाय ४० मिलिमीटर. ६५ वॅट उष्णता त्यातून सारख्या प्रमाणात वर जातेय असं धरू. मधे ०.०५ मिलिमीटरची फट, केसाच्या जाडीएवढी, आणि त्यात फक्त हवा असेल, तर खाली-वर तापमानात फरक पडेल ७८ अंशांचा. त्याच फटीत पेस्ट असेल तर फरक अर्धा अंश. आणि तीच पेस्ट भरभरून अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर फरक ५ अंश. प्रत्यक्षात उष्णता सारखी पसरत नाही. आतली सिलिकॉनची चकती लहान असते आणि उष्णता तिच्याच डोक्यावर एकवटते, म्हणून खरे फरक यापेक्षा मोठे. पण प्रमाण हेच. पेस्ट जाड झाली तर नुकसान थोडं, हवा राहिली तर नुकसान भयंकर.

पुसणं, आणि पेस्ट किती

पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते माझ्या पिशवीत असतंच. हे सांगतोय कारण त्या दुपारी काकांनी आधी कोविडच्या वेळची सॅनिटायझरची बाटली पुढे केली होती. सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात. ते उडून जात नाही, धातूवर थर राहतो. सर्जिकल स्पिरिटमध्येही इतर द्रव्यं असू शकतात. कापूस नको, त्याचे धागे राहतात. आतला धागा तिथूनच आला असणार. जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या मलमलीचे दोन तुकडे घेतले. एक ओला करून त्याने पुसायचं, दुसऱ्याने कोरडं. प्रोसेसर सॉकेटमध्येच, दांडी लागलेली, आणि अल्कोहोल कापडावर, प्रोसेसरवर ओतायचं नाही. कडांना चिकटलेली पेस्ट मधून बाहेर पुसली तर सॉकेटकडे ढकलली जाते, म्हणून कडेकडून आत. कूलरचा तळही तितक्याच काळजीने. प्रोसेसर लोक चकचकीत करतात आणि कूलरच्या तळावर जुनी पेस्ट तशीच ठेवतात, असं मी अनेकदा पाहिलंय. शेवटी झाकणावर बोट लावायचं नाही. उन्हाळ्यात घामाचं बोट म्हणजे तेलाचा ठसा.

तेवढ्यात पात्यांतली मातीही काढली. कूलर मोकळा होताच, पंखा बोटाने अडवून ब्लोअर मारला. न अडवता मारला तर पंखा भन्नाट फिरून बेअरिंगचं नुकसान होतं.

मग ट्यूब काढली. बाजारात पांढरी स्वस्त सिलिकॉन पेस्ट डबीत मिळते, ती ट्रान्झिस्टर आणि ॲम्प्लिफायरच्या कामाला ठीक आहे. प्रोसेसरला मी करडी, धातूच्या ऑक्साइडची, वीज न वाहणारी पेस्ट वापरतो. चार ग्रॅमच्या ट्यूबमध्ये आठ-दहा मशीन होतात. गॅलियमच्या लिक्विड मेटलचं नाव हल्ली पोरं काढतात. ते वीज वाहतं आणि ॲल्युमिनियम खातं. काकांच्या कूलरचा तळ ॲल्युमिनियमचाच. तो विषय तिथेच संपला.

"जास्तच घाल मगे. कमी नको पडाक."

काकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. कमी पडण्यापेक्षा थोडी जास्त बरी, कारण दाबाखाली जास्तीची कडेला निघून जाते. पण "थोडी". हिशेब असा: ४० बाय ४० मिलिमीटरवर दशांश मिलिमीटरचा थर धरला तर १६० घन मिलिमीटर, म्हणजे ०.१६ मिलिलीटर. चांगल्या टपोऱ्या वाटाण्याएवढी. तांदळाच्या दाण्याएवढी म्हणतात ती जुन्या, लहान प्रोसेसरसाठी. एवढ्या मोठ्या झाकणाला ती अपुरी, कोपरे कोरडे राहतात.

ठिपका घालायचा, फुली काढायची की कार्डाने सपाट पसरायची, यावर लोक तावातावाने बोलतात. पुरेशी पेस्ट आणि सारखा दाब असेल तर या तिन्हींच्या तापमानात फरक नगण्य निघतो. मी मधोमध मोठा ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे चार बारीक ठिपके घालतो. याचं कारण तापमान नाही. गोल ठिपका गोल पसरतो आणि झाकण चौकोनी आहे, एवढंच. कार्डाने पसरताना मात्र काळजी हवी. हात सराईत नसेल तर थरात हवेचे बुडबुडे राहतात, आणि ज्यासाठी पेस्ट लावली तेच परत आत गेलं.

पहिल्यांदा बसवला तो चुकला

कूलर ठेवला, चार स्क्रू लावले, मशीन सुरू केलं. रिकामं असताना ५० अंश. रेंडर लावल्यावर तापमान आता उडी न मारता चढलं, पण ९१ वर जाऊन थांबलं. काका आनंदले. मी नाही. वेग ३.८ वर घुटमळत होता आणि हीटसिंक एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला त्याहून थंड लागत होता.

खरं तर इथे थांबता आलं असतं. मशीन बंद पडणार नव्हतं, लग्नं वेळेत निघाली असती. पण एसएमपीएसच्या वेळी मी याच "चालतंय ना" वर थांबलो होतो.

परत काढला. पेस्टचा ठसा सगळं सांगतो, म्हणून तो पुसायच्या आधी नीट बघायचा. एका कडेला पेस्ट इतकी पातळ की खालचा धातू दिसत होता, समोरच्या कडेला जाड पट्टा. कूलर तिरका बसला होता. हे माझ्या हातून झालं होतं आणि कारण साधं होतं. या कूलरचे स्क्रू मदरबोर्डमागच्या बॅकप्लेटमध्ये, म्हणजे चार नळ्या असलेल्या आधाराच्या पट्टीत, जातात. चारही स्क्रू सुटले की बॅकप्लेटला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, ती मागे सैल लोंबते. मी कॅबिनेट उभं ठेवूनच एका हाताने बॅकप्लेट धरली आणि दुसऱ्याने स्क्रू फिरवले. पहिला स्क्रू पुरता आवळला, मग दुसरा. चौथा स्क्रू आट्यात नीट धरलाच नव्हता, पण स्प्रिंगच्या जोरामुळे घट्ट लागला.

आता कॅबिनेट आडवं केलं. मदरबोर्डच्या मागे, बॅकप्लेट आणि पत्र्याच्या मध्ये, मॉनिटरच्या खोक्यातला फोमचा तुकडा दाबून बसवला, म्हणजे बॅकप्लेट आपोआप वर दाबलेली राहिली आणि चारही नळ्या मदरबोर्डच्या भोकांतून सरळ वर आल्या. दोन्ही पृष्ठं पुन्हा अल्कोहोलने पुसली. दहा मिनिटांपूर्वी लावलेली, ताजी, ओली पेस्ट होती. काकांच्या मुलाने विचारलं, यावरच परत ठेवला तर? नाही. शिमग्याच्या आधी ज्याने तो ठेवला त्यालाही असंच वाटलं असेल. उचलला की पुसायचा, नवीन लावायची. वाटाणाभर पेस्टचे पैसे किती आणि आचऱ्याच्या फेऱ्यांचे किती.

नवीन पेस्ट, कूलर सरळ खाली. ठेवताना घासत आणायचा नाही, सरकवून जुळवायचा नाही. चार स्क्रू चार नळ्यांवर आधी डोळ्यांनी जुळवून मग सोडायचा. सगळे स्क्रू आधी नुसते धरतील एवढे फिरवले. मग कर्णाने: एक, त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन, प्रत्येकाला दोन-दोन फेरे. असे तीन वळसे. स्क्रू आपोआप थांबतात, तिथे थांबायचं; त्यापुढे जोर लावला तर बोर्ड वाकतो. पंख्याची वायर मदरबोर्डवरच्या सीपीयू फॅनच्याच (सीपीयू म्हणजे प्रोसेसर) पिनांवर. (आमच्याकडे सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, त्यामुळे फोनवर कुणाला हे समजावताना फार गोंधळ होतो.)

रिकामं असताना ४४. पूर्ण लोडवर अर्धा तास रेंडर: ८१ अंश, वेग ४.२, पॅकेज पॉवर (प्रोसेसर घेत असलेली वीज) ८० वॅटच्या वर. हीटसिंक चौफेर सारखा गरम, हात फार वेळ ठेववत नव्हता. ३४ अंशांच्या खोलीत, खोक्यातल्या छोट्या कूलरकडून यापेक्षा जास्त मागणं बरोबर नाही. पंखा खोलीचीच हवा पात्यांवर मारतो, त्या हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. मशीन बंद कप्प्यातून काढून टेबलाच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच, समुद्राकडच्या खिडकीपासून दूर ठेवलं, तेव्हा ७८ झालं. रेंडर एकेचाळीस मिनिटांत.

संध्याकाळी काकूंनी आंब्याचा रस आणि घावणे वाढले. मागे मशीनवर दुसऱ्या लग्नाचा रेंडर चालू होता आणि पंख्याचा आवाज इतका मंद होता की काका दोनदा उठून लाइट आहे ना ते बघून आले.

पावसाळ्यानंतर

नवीन पेस्टही आयुष्यभराची नसते. मशीन तापतं, थंड होतं, धातू प्रसरतो, आकुंचतो, आणि प्रत्येक फेऱ्यात पेस्ट कणाकणाने कडेला ढकलली जाते. तेलही सुटत जातं. पण म्हणून दर सहा महिन्यांनी कूलर काढून पेस्ट बदला, असं मी कुणालाच सांगत नाही. दर वेळी काढताना पिनांचा धोका, तिरकं बसण्याचा धोका. मी आकडा लिहून ठेवायला सांगतो. काकांच्या कॅबिनेटच्या पत्र्याला आतून एक कागद चिकटवला: तारीख, खोलीचं तापमान, रिकामं असताना किती, अर्धा तास रेंडरनंतर किती. त्याच खोलीत, त्याच लोडवर आकडा आठ-दहा अंशांनी चढला तर आधी पात्यांतली धूळ काढून बघायची. तरीही उतरला नाही, तरच कूलर उचलायचा.

नवरात्र सरल्यावर आचऱ्याला गेलो तेव्हा कागदावर काकांच्या मुलाच्या अक्षरात तीन ओळी वाढल्या होत्या. गणपतीच्या आधीची एक ओळ ८६ ची होती. पावसात खिडकीतून आलेल्या ओलीने पात्यांवर माती धरली होती. खालची ओळ दोन दिवसांनंतरची, ७९. मी विचारलं, काय केलंत?

"पंखो बोटान धरलंय आणि ब्लोअर मारलंय," काका म्हणाले. "कूलराक हात लावूक नाय. पेस्ट नाय होती घरात."